सोप्यातली सागवानी जमीन

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता काठी सोडा आणि चाला. सांगायला काय जातंय त्यांचं! हाड जुळलं, पण बाहेरच्या सोप्यातल्या फरशीवर पाय टेकला की पुढचं पाऊल टाकवत नाही. तिथंच पडले ना फेब्रुवारीत — टीपॉय आणि दार, मधली दोन हात जागा. नुकती पुसलेली फरशी. तोंड दिसेल एवढी चकचकीत! कुणी सांगितलं होतं असली फरशी घालायला? मीच. सहा वर्षांपूर्वी दुकानात मीच बोट दाखवलं होतं.

आता भिंत धरून चालते, नाहीतर जमिनीवर बसून सरकत जाते. एकसष्टाव्या वर्षी रांगायला लागले. मालुबाई बघते आणि तोंड फिरवते. वीस वर्षं धुणंभांडी करतेय आमच्याकडं, पण माझी दया यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

लेकीचा, सौम्याचा फोन. दिवसातला तिसरा. हल्ली तेच एक टुमणं — बेळगावचं घर बंद करा, दोघं पुण्याला माझ्याकडं या, लिफ्ट आहे, एक खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, माझी खोली इथं आहे की. फोन ठेवला. रागातच ठेवला असेल मी. असू दे.

१० एप्रिल

हे म्हणतात, पुण्याला जायचं नसेल तर दिवसभराचा माणूस लावूया.

ह्यांचं एकच औषध — माणूस लावूया! नळ गळतोय, माणूस लावूया. बल्ब गेला, माणूस लावूया. नारळ सोलायचाय, बघूया कुणी माणूस मिळतोय का. कोर्टात पस्तीस वर्षं लोकांची भांडणं भांडले, घरात एक खिळा ठोकला नाही. माझ्याशी भांडायला तेवढा अजून माणूस लावला नाही, हे नशीब.

मला घरात बाई नको. माझ्यामागं चहाचा कप घेऊन फिरणारी, मला हाताला धरून न्हाणीत नेणारी. एकतीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं मी. साठ-साठ पोरं गप्प बसवली.

१२ एप्रिल

आज एक गंमत झाली. व्यायामाला जाते त्या फिजिओथेरपीच्या खोलीत लाकडी जमीन आहे. रोज बघते, पण लक्ष नव्हतं. आज तिथल्या मुलीनं काठी काढून घेतली आणि मी चालले! दहा पावलं. मग वळून परत दहा. पाय घसरेल असं वाटलंच नाही. लाकूड गार लागत नाही, पायाला धरून ठेवतं.

रिक्षातच ठरवलं. सोप्यात लाकूड घालायचं.

रात्री सौम्याला सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, ठीक आहे आई, गणपतीला येते तेव्हा बघते. घरात एकटी नीट वावरताना दिसलीस तर पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही दिसलीस तर सामान बांधायचं, वाद घालायचा नाही.

कबूल! सत्तावीस ऑगस्टला चतुर्थी. साडेचार महिने आहेत.

१९ एप्रिल, शनिवार

ह्यांनी माणूस बोलावला. (बोलावणारच.) निपाणीचा नागेंद्र म्हणून आहे, लाकडी जमिनी बसवायचाच धंदा. कोल्हापूरचं काम बघून येत होता, कोगनोळीच्या नाक्यावर रांगेत अडकला, दहाचा बाराला आला. पण माणूस चांगला. भिंतीवर लाल उजेडाची रेघ पाडून माप घेतलं. म्हणाला, चार दिवसांचं काम.

मग म्हणाला, पण नंबर दसऱ्यानंतर लागेल.

दसऱ्यानंतर! तोवर मी पुण्यात, आठव्या मजल्यावर, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालत असणार.

आकडा ऐकून हे खुर्चीत बसले तो भाग वेगळाच.

एक बघितलं मात्र. सगळा वेळ तो जमिनीवर बसून होता. एका जागी बसायचं, जरा सरकायचं, परत बसायचं. उभं राहायचं कामच नाही त्यात. दोन महिने मी दुसरं काय करतेय?

२० एप्रिल

हे म्हणाले, तुला वेड लागलंय.

मी म्हटलं, व्हय.

२६ एप्रिल

खानापूर रोडच्या वखारीत जाऊन आले. वखारवाला निघाला रविराज — अठ्ठ्याण्णवच्या बॅचचा, बीजगणितात सपशेल कच्चा. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, बाई-बाई करून जीव टाकत होता. जमीन मीच बसवणार म्हटल्यावर त्याचा चहा थांबला. म्हणाला, बाई, माझ्याकडचा सुतार देतो की. मी म्हटलं, लाकूड दे. जुनं दे, वाळलेलं दे, आणि माप चुकवू नकोस, तुझी वही अजून आठवते मला.

जुन्या सागवानी तुळया चिरून तीन इंची पट्ट्या काढून देणार. एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ. जीभ खाचेत बसवायची, जिभेतून तिरका खिळा मारायचा, पुढच्या पट्टीनं तो झाकायचा. खाली प्लायवूड. ऐकायला किती सोपं!

१२ मे, सोमवार

प्लायवूड अंथरून झालं. सोपा चौदा बाय अकरा. आज पहिली ओळ.

दोन खिळे वाकले. अंगठा ठेचला. मालुबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, येवडा मोठा पाट कुणाला जेवायला हो?" हसू आलं आणि अंगठाही ठणकला.

१४ मे

तीन ओळी.

१७ मे

नऊ ओळी झाल्या आणि बसल्या जागी कळलं की सगळं वाकडं गेलंय. समोरच्या भिंतीपासून एका टोकाला अंतर जास्त, दुसऱ्याला कमी. दीड इंचाचा फरक! पहिली ओळ भिंतीला धरून लावली ती चूक. भिंत सरळ आहे असं मला कुणी सांगितलं होतं?

पायथागोरस शिकवणारी मी. एकतीस वर्षं! तीन, चार, पाच — काटकोन. फळ्यावर डोळे मिटून काढायची. आणि माझ्याच घरात दोरी धरून एकदा ताडून बघायचं सुचलं नाही. गवंडी रोज करतात ते. शाळा न शिकलेले गवंडी.

नऊच्या नऊ ओळी उपटल्या. रडले. ह्यांना कळू दिलं नाही, पण कळलंच असणार, कारण संध्याकाळी मुकाट्यानं भजी घेऊन आले आणि माणूस हा शब्द काढला नाही.

१८ मे

नागेंद्रला फोन केला. लाज वाटत होती. काम त्याला दिलं नाही आणि सल्ला मात्र फुकट. पण काही मनाला लावून घेतलं नाही त्यानं. म्हणाला, दोरीनं मधली रेघ काढा, तिथनं धरा. आणि चारी भिंतींकडं अर्धा इंच फट सोडा. लाकूड फुगतं, त्याला जागा पाहिजे.

फट मला आवडली नाही. माझी वही बघितलेल्यांना ठाऊक आहे, समासाबाहेर काही गेलेलं मला खपत नाही. पण सोडली.

५ जून

मालुबाईच्या लेकीचं बाळंतपण कोगनोळीला. तीन महिने येणार नाही, गणपतीला मात्र हजर होते म्हणाली. आता स्वयंपाक हे करणार! आज पिठलं केलं. मीठ विसरले. पण केलं.

१५ जून

एकवीस ओळी. गुडघ्यावर भार द्यायचा नाही, म्हणून पाय लांब करून बसते, कमरेत वळून हातोडी मारते. रात्री कंबर धरते. पण बघा की — पाय विसरले मी. दिवसातून तीन-तीन तास पायाची आठवणच येत नाही.

२९ जून, रविवार

आज फजितीचा कळस.

दुपारी दारापर्यंत आले. शेवटच्या ओळी चढत्या उत्साहात ठोकल्या, उठून बघितलं, काय सुंदर दिसत होतं! तेवढ्यात हे बाहेरून आले. दार ढकललं. दार हलेना. आमचं दार आत उघडतं. आणि जमीन सव्वा इंच वर आलेली! चोवीस वर्षं राहतेय या घरात. दार कुठल्या बाजूला उघडतं ते माप घेताना डोक्यातच आलं नाही.

पाऊस चालू. हे बाहेर, छत्री कालच कोर्टात विसरलेले. दोघं दाराच्या दोन बाजूंना. मागच्या दारानं या म्हटलं. भिजून आले, टॉवेलनं डोकं पुसत त्या दाराकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि म्हणाले, "आता तरी माणूस लावू का?"

लावा म्हटलं.

३० जून

रविराजचा सुतार आला. दार बिजागरीतून उतरवलं, खालून रंधा मारला, परत चढवलं. वीस मिनिटं! मी आठवडाभर घोळ घालत बसले असते. कबूल करायला काही जड जात नाही, निदान इथं तरी. नागेंद्रनं हे सगळं काम चार दिवसांत केलं असतं आणि माझ्यापेक्षा सरळ केलं असतं. माझ्या जमिनीत अकराव्या ओळीला एक पट्टी उलट्या रेषांची आहे, खिडकीखाली दोन खिळे दिसतात. दिसू देत.

१३ जुलै

दुसऱ्यांदा तेल दिलं. खिडक्या बंद, घरभर जवसाच्या तेलाचा वास. ह्यांना वास आवडला नाही, मला आवडला.

१६ जुलै

चालले. अनवाणी. दारापासून खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. भिंत धरली नाही. पाच वेळा. मग सहाव्यांदा उगीच.

२ ऑगस्ट

सध्या घरात रोज येरझाऱ्या. पावसाळ्यात आमच्या आतल्या फरशीला घाम सुटतो, ओली-ओली होते. सोप्यात कोरडं. शेजारच्या निवेदिता वहिनी चपला बाहेर काढून, पदर सावरून आत आल्या, देवळात आल्यासारख्या. हे सगळ्यांना सांगत सुटलेत, आमच्या घरी बायकोनं केलंय. कोर्टातल्या बार रूममध्येही सांगितलं म्हणे!

सौम्याला व्हिडिओवर दाखवलं. छान म्हणाली. आवाज बारीक होता. कामाचा ताण म्हणाली. मी म्हटलं, आता पुण्याचं काय? म्हणाली, आल्यावर बघू. अजून आहेच का तिचं ते! वकिलाची पोर, सुटत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

काय लिहू.

मालुबाई आज सकाळी आली. अडीच महिन्यांनी. मी आणि हे गणपतीचं सामान आणायला बाजारात गेलेलो, चावी तिच्याकडं असतेच. दर वर्षी चतुर्थीच्या आधी ती सोपा धुते. बादल्या ओतायच्या, खराट्यानं घासायचं, पाणी दारातनं बाहेर काढायचं. गणपती यायची जागा ना! वीस वर्षं तेच करत आलीय. मी सांगून ठेवायला पाहिजे होतं. सगळ्या जगाला सांगितलं, पेपरवाल्यालासुद्धा — ओला पाय ठेवू नको. तिलाच सांगायचं राहिलं.

आम्ही आलो तर सोप्यात पाणी तुंबलेलं आणि ती पदर खोचून उभी, आनंदानं. सात बादल्या. फिनेल घालून. म्हणाली, पाणी कुठं जातंय कळंना बाई, नुसतं आत पितंय.

मी काय बोलले ते लिहवत नाही. हे मधे पडले. दुपारनंतर पट्ट्या कडेनं उचलायला लागल्या. संध्याकाळपर्यंत खिडकीकडं फुगवटा आला, हाताला लागण्याइतका. नऊ आठवड्यांचं काम!

मालुबाई कधी निघून गेली कळलंच नाही. चावी खिडकीत ठेवून गेली.

नागेंद्रला फोन केला. ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "हात लावू नका. ठोकू नका, घासू नका, वजन ठेवू नका. भिंतीकडच्या दोन ओळी उचला, ओल बाहेर येऊ दे. पंखा लावा. तीन आठवडे थांबा, जुनं लाकूड आहे, आपणच खाली बसंल." मग विचारलं, फट सोडली होती का? सोडली होती. म्हणाला, मग वाचलात बाई.

तीन आठवडे! सौम्या उद्या सकाळी येणार.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सहाला फोन, संकेश्वर सोडलं. साडेसातला दारात. एकटीच, जावयांना सुट्टी नाही म्हणे. दारातच थांबली. सोप्यात पंखे गरगरताहेत, दोन ओळी उपटलेल्या, जमिनीला पोट आलेलं.

ओरडली असती तर परवडलं असतं. बॅग खाली ठेवली आणि थकल्यासारखी म्हणाली, "आई, यात ठेचकाळून पुन्हा पडशील. बास आता. चला माझ्याबरोबर." ह्यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघत होते.

राग आला. सौम्याचा, पाण्याचा, सगळ्यात जास्त माझाच. काल त्या बाईला जे बोलले ते रात्रभर कानात होतं. चपला घातल्या आणि निघाले. कुठं निघालीस, ही दोघं विचारतात तोवर फाटकाबाहेर.

स्टँडवर काकतीची बस मिळाली. सणाची गर्दी, बसायला जागा नाही. काकतीत उतरून मालुबाईचं घर विचारत गेले. चिखल, उतार, दगड. ती परड्यात भांडी घासत होती. मला बघून उठलीच नाही. खाली मान घालून म्हणाली, "मी न्हाय येत बाई. माज्या हातनं तुमचं वाटोळं झालं. दुसरं माणूस बगा."

मी तिच्यासमोर दगडावर बसले. म्हटलं, चूक माझी आहे, सांगायचं मी विसरले, आणि वर तुलाच बोलले. दुसरं माणूस मला नको, तू पाहिजेस. आणखीही काही बोलले. ती रडली, मीही रडले, तिच्या सुनेनं चहा दिला.

दोघी परत आलो तर सौम्या फाटकात. कुणाबरोबर गेलीस म्हणाली. एकटी. रिक्षानं? बसनं. जागा होती? उभ्यानं गेले.

तिनं फाटक पूर्ण उघडलं. आत जाऊन मालुबाईला पाणी दिलं.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

गणपती यंदा आतल्या खोलीत. मोदक एकवीस, त्यातले चार ह्यांनी वळले. ओबडधोबड.

पुण्याचा विषय कुणी काढला नाही.

३ सप्टेंबर

सौम्या दोन दिवसांसाठी आली होती. अजून इथंच. लॅपटॉपवर काम चालतं म्हणते. रोज सकाळी सोप्यात पालथी पडून पट्ट्यांवर हात फिरवते, किती खाली बसलं ते बघते. विचारलं, जावई एकटे काय जेवत असतील? म्हणाली, जेवतात की. उठून गेली.

मालुबाईनं नवीन फडकं शिवून आणलंय. कोरडं, फक्त लाकडासाठी. कुणाला हात लावू देत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

बसली! तीन आठवडे म्हणाला होता, बरोबर एकवीस दिवस. खिडकीकडं हात फिरवला तर जरा लाट लागते, पायाला कळत नाही. उचललेल्या दोन ओळी आज पुन्हा ठोकल्या. मी खिळे मारले, सौम्यानं पट्ट्या धरल्या, मालुबाई खिळे मोजून देत होती. नागेंद्रला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

१६ सप्टेंबर

सौम्या पुण्याला परत जाणार नाही. आज सकाळी सगळं सांगितलं तिनं. जावई फेब्रुवारीतच घर सोडून गेलेत. मी पडले त्याच आठवड्यात. सांगायला तिनं फोन केला होता, तो ह्यांनी उचलला आणि आईचा पाय मोडला म्हणून सांगितलं. मग ती काही बोललीच नाही. सहा महिने त्या फ्लॅटमध्ये एकटी, दिवसातून तीनदा आम्हाला या म्हणत होती, आणि मी फोन आपटत होते!

दुपारी तिच्यासाठी आतल्या खोलीचं माप घेतलं. अकरा फूट दोन इंच बाय साडेनऊ. टेपचं दुसरं टोक तिनं धरलं होतं.